एकशे सतरा नंबरच्या बाईला शोधताना

परभणी जिल्ह्यात मी तीन दिवस राहून आले. प्रवासाचं म्हणून लिहायचं तर नरसिंहाचं देऊळ, गोदावरीचं पात्र आणि तिथलं झणझणीत जेवण एवढं यायलाच हवं. जमेल तसं ते येईल. पण मी गेले होते एक चालू काम बंद करायला, आणि परत आले ती इतकी चिडून की आठवडाभर घरात कुणी माझ्या वाटेला गेलं नाही. शेवटी नवरा म्हणाला, "आमच्यावर ओरडण्यापेक्षा लिहून काढ एकदाचं." म्हणून लिहितेय.

काम असं होतं. दारू पिणं आणि एचआयव्हीची लागण यांचा एकमेकांशी काय संबंध आहे, याचा अभ्यास आमची पुण्यातली संस्था तिथल्या काही गावांत करत होती. पैसे परदेशातून यायचे. ज्या घरात गडी पितो त्या घरातल्या नवरा-बायकोशी बोलायचं, दोघांचं रक्त तपासायचं आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासायचं. गडी सुई पाहिली की पसार व्हायचे. बायका टिकल्या. शेवटच्या काही गावांची दुसरी फेरी निम्म्यावर आली आणि एका सकाळी ई-मेल येऊन पडली : तिकडचं धोरण बदललं आहे, या विषयावरच्या अभ्यासांचे पैसे आजपासून बंद, सगळं काम थांबवावं, सहभागी लोकांशी कसलाही संपर्क करू नये. खाली आभार मानले होते.

उंटावरून शेळ्या हाकणं आम्हाला नवीन नव्हतं. इतकी वर्षं त्याचेच पगार घेतले. पण आता शेळ्या मधल्या रानात सोडून उंट आपल्या घरी निघाला होता, आणि जाताना आम्हाला बजावत होता की त्यांना हाकही मारू नका.

ही ई-मेल आल्यावर चारच दिवसांनी प्रयोगशाळेकडून दुसऱ्या फेरीचे रिपोर्ट आले. एक सोडून सगळे चांगले. तो एक होता एकशे सतरा नंबरचा. बाई, वय चोवीस, रक्त घेतलं तेव्हा तिसरा महिना. पहिल्या फेरीत तिला काही नव्हतं, म्हणजे लागण मधल्या काळातली. सरकारी दवाखान्यात गरोदर बाईचं रक्त तपासतात, पण ते सुरुवातीला, आणि तेव्हा तिचं ठीक आलं असणार. आता पुन्हा कुणी तपासेलच याचा काय नेम? आईला वेळेवर औषध सुरू झालं तर पोटातलं मूल बहुतेक वाचतं. हे आम्हाला ठाऊक होतं आणि तिला नव्हतं.

मी सरांकडे गेले. सर म्हणजे आमचे प्रमुख, माणूस वाईट नाही. ते म्हणाले, "नीतिमत्ता समितीला पत्र टाकलंय. उत्तर येऊ द्या. आत्ता संपर्क केला तर नियम मोडल्यासारखं होईल." मी ऐकून घेतलं. समितीच्या उत्तराची वाट पाहिली, आठवण करून दिली, पुन्हा वाट पाहिली. उत्तर आलं नाही, तेवढ्यात मला परभणीला जायचा हुकूम आला. सगळे फॉर्म आणि नावांचं रजिस्टर सीलबंद करून पुण्याला आणायचं, कुणालाही भेटायचं नाही. एकशे सतरा नंबरच्या रिपोर्टची प्रत मी सरांना न विचारता पर्समध्ये टाकली.

पहिला दिवस : परभणी आणि झरी

रेल्वेचा प्रवास सांगण्यासारखा नाही, एक गृहस्थ सोडून. समोरच्या बर्थवर बियाण्यांचे एक व्यापारी होते. सकाळी चहा घेता घेता त्यांनी माझ्या कामाची चौकशी केली. मी सांगितलं तसे खो खो हसले. "दारू पेल्यावर मानूस घसरतो हे आमच्या म्हशीला बी मालूम हाय, म्याडम. ह्याच्यावर अभ्यास? अन् पैसे देनारे बी हायत?"

"होते," मी म्हटलं. "आता त्यांनाही तुमच्यासारखंच हसू आलंय."

म्हशीला कळतं तेवढ्यावर भागलं असतं तर फार बरं झालं असतं. गडी घसरतो, पुढे काय? पिऊन आलेल्या नवऱ्याला बाई नाही म्हणू शकते का? निरोध वापरायचं त्याला भान असतं का? आणि ज्याला आधीच औषध चालू आहे तो मधूनमधून गोळी का चुकवतो? याचं उत्तर आम्हाला गावांतच मिळालं. कुणीतरी कधीतरी सांगून ठेवलंय की दारू आणि ही गोळी पोटात एकत्र आली की जहर होतं. मग पिणारा दारू सोडत नाही, गोळी सोडतो. हे त्या व्यापाऱ्याला सांगायला मी तोंड उघडलं, पण त्यांनी बॅग उचलली. परभणी आली होती.

स्टेशनाबाहेर विमलताई उभ्या होत्या. गावपातळीवरचं आमचं सगळं काम या बाईंनी तीन वर्षं ओढलं. वय पंचेचाळीसच्या पुढे, राहणार झरी, वडील शाळेत मास्तर होते, घर बौद्ध, जीभ तिखट. "जयभीम, म्याडम. लय वाळलात की," त्या म्हणाल्या. पगार थांबून महिना होत आलेली बाई मला वाळलात म्हणत होती. मी गाडी उशिरा आल्याची तक्रार केली.

झरीच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी काळं रान. सोयाबीन निघून गेलेलं, कापूस फुटून पांढरा झालेला, तूर अजून हिरवी. दसरा होऊन गेला होता. गाव मोठं, बाजाराचं. विमलताईंच्या घरी बुद्धाच्या तसबिरीखाली लेकीचं नर्सिंगचं सर्टिफिकेट लावलं आहे आणि त्याच भिंतीला लागून आमच्या संस्थेचं लोखंडी कपाट. आधी जेवण. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी आणि कच्चा कांदा. येसर म्हणजे भाजलेली धान्यं आणि मसाले घालून केलेलं पीठ. आमटीच्या पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि विमलताईंच्या सुनेनं न विचारता दुसरी वाटी भरली. पुण्यात हे अश्रू पाहून कुणीतरी साखर आणली असती.

जेवण झाल्यावर मी पर्समधला रिपोर्ट काढून विमलताईंपुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला. कपाटाचं कुलूप काढलं आणि रजिस्टर माझ्या हातात दिलं.

आमची पद्धत अशी की फॉर्मवर फक्त नंबर असतो. कोणता नंबर कुणाचा, हे या एकाच रजिस्टरात. मी पान काढलं. एकशे सतरा : वैजंता. पुढे गावाचं नाव. नवऱ्याचं नाव नाही, फोन नाही.

"कोण ही?"

"मला मालूम न्हाई. हा फारम रेखानं भरलाय." रेखा ही आमच्याकडे फॉर्म भरायचं काम करणारी मुलगी. पगार थांबल्यावर ती कामासाठी हैदराबादेकडे गेली आणि तिचा जुना फोन बंद झाला.

"मग गावात जाऊन वैजंता कोण ते विचारू."

"न्हाई सापडायची," विमलताई म्हणाल्या. "ते माहेरचं नाव हाय."

मी पानं उलटली. मंदा, सुलू, कौशी, गयाबाई, तारा. सगळी माहेरची. ज्या नावांनी या बायकांना त्यांच्या गावात कुणी हाक मारत नाही, ज्या नावांचं रेशनकार्ड नाही, ती नावं माझ्या रजिस्टरात ओळीनं बसली होती. माझा पारा चढला. मी ओरडले. ट्रेनिंगमध्ये तीनतीनदा सांगितलं होतं की खरं नाव लिहून घ्या, तीन वर्षं तुम्ही काय केलंत, आता ही बाई कुठे शोधू, असं बरंच काही. सून स्वयंपाकघरात भांडी हळू ठेवू लागली.

विमलताईंनी मला संपू दिलं. "खरं नाव घ्या म्हनलात. खरंच हाय की ते. आई-बापानं ठेवलेलं."

मग त्यांनी सांगितलं. "गेल्या साली एका गावात एका गड्यानं माझ्या हातातनं ही वही हिसकली. पारावर बसून मोठमोठ्यानं वाचली, समद्या गावाला. मंदा, सुलू, तारा. एक बाई त्याला वळखू आली न्हाई. त्याची सोताची बायकू त्यात व्हती, म्याडम. वही माझ्या अंगावर फेकून गेला. त्या दिसापासून बाया आमच्याशी बोलाया लागल्या. बायांना एकमेकीची माहेरची नावं मालूम असत्यात. बाप्यांना नसत्यात. अन् वही पडती ती बाप्यांच्याच हातात."

आम्ही पुण्यात कपाटाला दोन कुलपं लावली, संगणकाला पासवर्ड लावला, गुप्तता कशी पाळतो यावर वीस पानी टिपण लिहून परदेशात पाठवलं. विमलताईंनी ते काम, लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिताना जे जुनं पुसलं जातं, त्या नावावर भागवलं. मी माफी मागितली. नीट नाही मागितली, आमच्याकडे मागतात तशी, "तसं नव्हतं म्हणायचं मला" वगैरे. त्यांनी ती घेतली.

पण बाई सापडायला हवीच होती, आणि लवकर. त्या गावचे बहुतेक लोक ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक जोडी, तिला एक कोयता म्हणतात. मुकादम कोयते मोजून टोळी नेतो. बायको नसेल तर तो अर्धा कोयता, आणि अर्ध्याला कुणी विचारत नाही. एकदा टोळी गेली की सहा महिने कुठल्या जिल्ह्यात, कुठल्या फडात, कुणाला पत्ता नसतो. मूल तिथेच ताडपत्रीच्या पालात जन्मणार.

"टोळी कधी निघणार?"

"तीन दिसांनी, सकाळच्या पारी," विमलताई म्हणाल्या.

दुसरा दिवस : पोखर्णी, गंगाखेड आणि पुढचं गाव

सकाळी निघालेली आमची भाड्याची जीप पोखर्णीला पंक्चर झाली. ड्रायव्हरकडचं जादा चाकही फुसकं निघालं. "काल तर चांगलं व्हतं," असं तो चाकाकडे बघून तीनदा म्हणाला. दुरुस्ती होईस्तोवर विमलताईंनी मला हॉटेलात बसवून सुशीला मागवली. सुशीला हा मराठवाड्याचा नाश्ता, भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा, पोह्यांपेक्षा हलका आणि भलताच तिखट. लोक नरसिंहाच्या दर्शनाला चालले होते. मी काही देवळात गेले नाही. देवाशीही भांडण काढलं असतं, अशी त्या दिवशी माझी मनःस्थिती होती.

गंगाखेडच्या पुलावरून गोदावरी भरलेली दिसली, रुंद, शांत, गढूळ. नदी ओलांडली की जमीन बदलते. राणीसावरगावच्या बाजूला डोंगर सुरू होतात, रानात दगड वाढतात आणि कापूस बुटका होत जातो. आम्हाला जायचं होतं ते गाव त्याच भागात आहे. नाव सांगत नाही. बाईची दोन्ही नावंही मी इथे बदलली आहेत.

गावात शिरताच पारावर गडी बसलेले दिसले. भर दुपार. मुकादम पांढऱ्या गाडीतून आला होता, टोळी निघायच्या आधी तो सगळ्यांना पाजतो अशी रीतच आहे. विमलताईंना पाहून एकजण उठला. पंचविशीतला, हसरा, पाय थोडे सैल. "आले बगा अभ्यासवाले! लिव्हा म्याडम, आज किती पेलो ते. फारिनला कळवा, सूर्यभाननं आज तुमच्या चित्रातल्या गिलासानं न्हाई पेली, सोताच्या गिलासानं पेली."

सगळे हसले. आमच्या फॉर्मबरोबर परदेशातून एक रंगीत कार्ड आलं होतं. त्यावर दारूच्या सात ग्लासांची चित्रं, त्यातले दोन उंच दांड्याचे. गेल्या तीस दिवसांत यातले किती घेतले, असा प्रश्न. प्लास्टिकच्या पिशवीतून हातभट्टी पिणाऱ्या माणसाला आम्ही ते कार्ड दाखवायचो. तीन वर्षं दाखवलं.

"कामून पिता एवढी?" विमलताईंनी त्याला विचारलं.

"अंग दुखतं, मावशी. दिवसभर मोळ्या वाहून बगा. मुकादम देतो ती बाटली कामाचीच असती. न्हाई पेली तर दुसऱ्या दिशी उठवत न्हाई." हे त्याने न हसता सांगितलं आणि परत जाऊन बसला. मुकादमानं आम्हाला लांबून नमस्कार केला. बाटली का देतोस, असं विचारणारं पत्र त्या माणसाला कुठलीही समिती कधी पाठवत नाही.

बायका वेशीजवळच्या ओट्यावर बसून पोती शिवत होत्या. पोत्यांत ज्वारी, तवा, अंथरूण, सहा महिन्यांचा संसार. पंधरा-वीस जणी असतील. तिघींचं पोट दिसत होतं. गावच्या आशा कार्यकर्तीला विचारलं असतं तर गरोदर बायकांची यादी मिळाली असती, पण मग का विचारता हे सांगावं लागलं असतं, आणि संध्याकाळपर्यंत तिघींच्याही नावानं गावात कुजबूज झाली असती. मी विमलताईंच्या कानात म्हटलं, "विचारायचं कसं?"

"इचारायचं न्हाई. आपुन आपलं नाव सांगायचं. बसा."

आम्ही बसलो. विमलताईंनी दाभण घेतलं आणि एक पोतं ओढून शिवायला लागल्या. टोळीच्या, पावसाच्या, भावाच्या लग्नाच्या गप्पा झाल्या. मग त्या सहज म्हणाल्या, "म्याडमचं माहेरचं नाव इचारा की. पुण्याच्या असल्या तरी त्यांचं बी बदललंय."

सगळ्या माझ्याकडे पाहू लागल्या. मी खरंच गोंधळले. सासरी मला सुनीता केलं त्याला एकतीस वर्षं झाली. आई गेल्यापासून माझं पहिलं नाव कुणी उच्चारलेलं नाही. माझ्या मुलांनाही ते विचार करूनच आठवेल. "द्वारका," मी म्हटलं, आणि माझा आवाज मलाच लहान वाटला.

"द्वारका! लय चांगलं हाय की," एक म्हातारी म्हणाली. "कामून बदललं? मी बी बगा, गोदावरी. हितं आले अन् झाले शांता. शांत तर कधीच न्हवते."

हशा पिकला आणि मग थांबेना. मी इंदू. मी सखू. माझं तर दोनदा बदललं, जावेचं तेच निघालं. एकेक बाई आपलं नाव सांगताना पोतं खाली ठेवत होती. तीन गरोदर बायकांतली एक विमा, एकीचं नाव बदललंच नव्हतं. तिसरी दाभणात दोरा ओवत होती. ओवून झाल्यावर म्हणाली, "मी वैजंता. आज्जीचं नाव. हितं म्हनले जुनं वाटतंय, कोमल ठिवू. टीवीत कोन तरी व्हती कोमल."

विमलताईंनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. टाका पुरा करून दोरा दातानं तोडला. मी मात्र तिच्याकडे बघत राहिले. ती बारीक अंगाची, मोठ्या दातांची, सतत हसणारी मुलगी होती. माझ्या पर्समध्ये तिचा कागद होता.

तिच्या घरी जायला संध्याकाळ झाली. तिच्या घराच्या दारात विमलताई सासूला म्हणाल्या, "हिला उद्या परभणीच्या दवाखान्यात दाखवून आनू. सहा महिने जायलीय, पोटातलं एकदा बगून घ्यावं." गंगाखेड जवळ होतं, पण तिथे गावचे लोक असतात.

सासू ही कमरेत वाकलेली, कपाळावर आठ्या. मला वाटलं आता नाही म्हणणार. "परवा टोळी हाय," ती म्हणाली. मग आत बघून हळू म्हणाली, "न्या. माझं पहिलं लेकरू फडातच गेलं व्हतं. कुनी बगितलं न्हाई." नंतर एकदम आवाज चढवला, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असा, "दिस मावळायच्या आत आना मात्र! भाकरी कोन करील?"

त्याच वेळी सूर्यभान दारात आला. पारावरचा तोच. कोमलचा नवरा. त्याला पाहून मी जे काही बोलणार होते ते गिळलं. खांद्यावर त्याने तिच्यासाठी नवी चादर आणली होती, पालात थंडी वाजते म्हणून. राग करायला सोपा माणूस मिळाला असता तर मला बरं वाटलं असतं.

तिसरा दिवस : परभणी

पहाटे निघालो. गाव मागे पडल्यावर विमलताईंनी जीप थांबवायला लावली, ड्रायव्हरला चाक पुन्हा बघायला खाली पाठवलं आणि कोमलला सांगितलं, "पोटाचं बगायचं हायच. पन तुजं रक्त घेतलं व्हतं ना, त्याचा निकाल बी आलाय. दवाखान्यात पुन्यांदा तपासतील. मग सांगतील. तुजी मर्जी असल तर जायचं, न्हाई तर हितनं मागं फिरू."

कोमलचं हसू गेलं. ती मूर्ख नव्हती. चांगला निकाल सांगायला कुणी पुण्याहून जीप करून येत नाही. "चला," ती म्हणाली आणि परभणीपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.

सरकारी दवाखान्यातल्या एचआयव्ही केंद्रावरची समुपदेशक बाई तिशीची, आवाज बसलेला, टेबलावर अर्धा डबा उघडा. तिच्याबद्दल मला लिहायलाच हवं, कारण या सगळ्या प्रकरणात नियमानं वागून माणसासारखी वागलेली ती एकटीच. तिनं आधी कोमलला पाणी दिलं. नाव विचारल्यावर कोमल म्हणाली, "वैजंता लिव्हा." रक्त पुन्हा तपासलं. निकाल तोच आला. तो तिनं दार लावून, कोमलच्या शेजारी खुर्ची घेऊन, सोप्या शब्दांत सांगितला. आम्हाला कोमलनंच आत बसवून घेतलं होतं.

कोमलनं एकच विचारलं, "लेकराला?"

"लेकराला लागू नये म्हणूनच औषध आहे. रोज एक गोळी, एकही चुकवायची नाही. आजपासून सुरू. बाळ झालं की त्यालाही काही दिवस औषध. बहुतेक मुलं चांगली निघतात." मग तिनं टोळी कुठे जाणार ते विचारलं, तिकडचं केंद्र शोधून कागदावर लिहून दिलं आणि म्हणाली, "नवऱ्यालाही आणा. आणि प्यायला असला तरी गोळी चालते म्हणून सांगा. जहर-बिहर काही होत नाही."

"सांगते," कोमल म्हणाली. "पेलेला नसल तवा सांगते."

या सगळ्याला दोन तास लागले. फक्त दोन तास. खर्च एक जीप आणि तीन चहा. पुण्यात आम्ही ज्या उत्तराची वाट पाहत बसलो होतो त्याची इथे कुणाला गरजच पडली नाही, आणि ही गोष्ट मला तिथे त्या बाकावर बसून कळली तेव्हा माझे कान तापले. परदेशातल्या त्या लोकांवर मी चिडले होते, आजही आहे. त्यांनी अर्ध्यावर सोडलेलं काम त्यांच्याच भाषेत सांगायचं तर एका ओळीचं आहे. औषध सुरू झालेल्यांना दर महिन्याला फोन करून गोळी घेतली का विचारणं, हे आमच्या अभ्यासात विमलताईंचं काम होतं. आता ते कुणाचंच नाही. "मी करीन की," विमलताई म्हणाल्या, "फोन माझाच हाय." सरांवरही मी चिडलेय, त्यांना तसं लिहूनही दिलंय आणि त्यांनी माझं स्पष्टीकरण मागवलंय. पण संपर्क करू नका हे वाक्य वाचून जी थांबली ती मी होते. परभणीची गाडी रोज सुटते.

आम्ही दवाखान्याच्या आवारात लिंबाच्या सावलीत बसलो. विमलताई चहा सांगायला गेल्या. कोमलच्या मांडीवर गोळ्यांची बाटली होती. ती तिनं पदराखाली घेतली, मग बाहेर काढली, मग पुन्हा घेतली. बराच वेळ ती रडली नाही, नंतर थोडी रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला तर तिनं अंग चोरलं, म्हणून काढून घेतला.

"बाई," ती म्हणाली, "तुमाला कधी कळलं?"

मी तिच्याशी खोटं बोलू शकले असते. कालच कळलं म्हणाले असते तर तिला काय समजणार होतं? "बावीस दिवस झाले," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. हिशेब लागत नाही तेव्हा माणूस बघतो तसं. तिनं बोटांच्या पेरांवर मोजायला सुरुवात केली, एका हातावर संपलं, दुसऱ्यावर गेली. मी त्या बोटांकडे बघत होते. मला वाटलं ती दसरा आठवतेय, नाहीतर त्या दिवसांत नवरा किती वेळा पिऊन आला ते.

"रोज एक म्हनल्या ना त्या," ती म्हणाली. "म्हंजे बावीस गोळ्या ऱ्हायल्या लेकराच्या."

तिनं बाटलीचं झाकण फिरवलं. ते उघडेना, लहान मुलांना उघडू नये म्हणून दाबून फिरवायचं असतं. मी हात पुढे केला. तिनं दिली नाही. स्वतःच दाबलं, फिरवलं, एक गोळी तळव्यावर घेतली.

मी म्हटलं, "अगं, रात्री जेवून घेतलीस तरी चालते. त्या म्हणाल्या ना."

"रातच्याला कशाला थांबायचं?" कोमल म्हणाली. "तेविसावी तरी ऱ्हायला नको. पानी द्या."

मी पर्समधून पाण्याची बाटली काढून तिला दिली.